सम तारखेचा कोंबडा

माझे दोन भाऊ आणि त्यांचे दोन कोंबडे, चौघांची अक्कल एका पोत्यात भरली तरी माझ्या एका कोंबडीएवढी व्हायची नाही. हे मी रागाने बोलत नाही. रागावण्यासारखं समोर काहीतरी असावं लागतं. या दोघांकडे बघून मला नुसतं हसू यायचं, आणि पुढे पुढे तेही येईना.

थोरला वेल्डर. घरापासून हाकेच्या अंतरावर त्याचं दुकान, तिथे तो फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या जोडत बसतो. धाकटा टेम्पो चालवतो. मधे एक भिंत घालून दोघांनी आपापले संसार मांडलेत, पण स्वयंपाकघर आणि मागचं अंगण एकच. तिथे न्हाणी, पाण्याची टाकी, एक पेरूचं झाड आणि माझं खुराडं.

मी या दोघांची मोठी बहीण. सगळे आक्का म्हणतात, दोघांच्या बायका वन्सं म्हणतात. नवरा गेल्यावर एका डालग्यात चार कोंबड्या घेऊन मी इथे आले, त्याला नऊ वर्षं झाली. चाराच्या अकरा झाल्या. अंडी रोज सकाळी नाक्यावरच्या बेकरीत जातात, आणि त्या अंड्यांवरच या घरात माझं चालतं. तोंडावर कोणी बोललं नाही, पण स्वयंपाकघरामागची खोली मला बहीण म्हणून मिळालेली नाही, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. अंडी येतात तोवर मी आक्का. अंडी थांबली की मी एक खाणारं तोंड.

आमचा जुना कोंबडा गेल्या थंडीत गेला. त्याआधी राखी नावाची माझी कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली होती. चारातली तीच एक उरलेली, रंगाने राखाडी आणि स्वभावाने माझ्यासारखीच, कुणाला फारशी न आवडणारी. तिच्या पिल्लांत दोन नर निघाले. एक तांबडा, एक कबरा. एकाच पंखाखाली वाढले, एकाच ताटलीतलं खाल्लं. सातव्या महिन्यात दोघांना तुरा आला आणि दोघं एकमेकांकडे मान खाली घालून, गळ्याची पिसं फुलवून बघायला लागले.

अशा वेळी माणसाने काही करायचं नसतं. दोघं एकदा काय ते भिडतात, एकजण पाठ फिरवून पळतो आणि विषय तिथे संपतो. पळालेला पुढे कडेकडेने वागतो, दाणे मागाहून खातो आणि सुखाने जगतो. फक्त मधे कोणी पडायचं नाही.

पण पहिली झुंज लागली ती रविवारी सकाळी, आणि माझे दोन्ही वाघ तेव्हा मागच्या पायरीवर चहा पीत बसले होते.

"तांबडा माझा," थोरला म्हणाला.

"मग कबरा माझा," धाकटा म्हणाला.

उभ्या आयुष्यात या दोघांनी त्या पाखरांना मूठभर कणी टाकली नव्हती. खुराड्यातली घाण कशी असते ते यांच्या नाकालाही ठाऊक नव्हतं. पण माझा म्हणायला काय जातंय?

न्हाणीजवळच्या ओल्या फरशीवर तांबड्याचा पाय सरकला आणि कबरा त्याच्या मानेवर बसला. थोरल्याने कप खाली ठेवला, धावत गेला आणि तांबड्याला उचलून काखेत घेतलं.

"पाय घसरला त्याचा. हे धरायचं नाही."

"का नाही धरायचं?" धाकटा म्हणाला.

"फरशी ओली होती."

"माझ्या कोंबड्याला काय कोरडी होती?"

पुन्हा सोडले. या वेळी तांबड्याने कबऱ्याला टाकीच्या कोपऱ्यात कोंडलं. तो पाठ फिरवणार एवढ्यात धाकट्याने उडी मारली आणि त्याला उचललं.

"अरे, उचलू नका," मी म्हटलं. "होऊ द्या एकदाचं. उचललं की त्याला वाटतं आपण हरलोच नाही."

"आक्का, तुला कोंबड्यातलं काय कळतं?" धाकटा म्हणाला. हे वाक्य त्याने मला ऐकवलं, त्या वेळी माझ्या पदरात नुकतीच काढलेली सहा अंडी होती.

दोन्ही कोंबडे दोघांच्या काखेतून आरवले. तेव्हापासून रोज हेच. हरायची वेळ आली की मालक हजर. दुकान जवळ असल्यामुळे थोरला तर कलकलाट ऐकला की डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर सरकवून पळत यायचा. गिऱ्हाईक तिकडे अर्धवट जोडलेलं फाटक धरून उभं. पंधरा दिवसांत दोन्ही कोंबड्यांचे तुरे फाटले आणि निकाल काही लागेना.

मग दोघांनी बसून तोडगा काढला. तोडगा म्हणजे काय, तर कॅलेंडर. सम तारखेला तांबडा मोकळा आणि कबरा डालग्याखाली. विषम तारखेला कबरा मोकळा आणि तांबडा डालग्याखाली. स्वयंपाकघराच्या दाराला कॅलेंडर टांगलं, त्याच्याजवळ दोरीने पेन बांधलं. रोज खूण करायची. कोण करणार? आक्का. रोज कोंबडा पकडून डालग्याखाली घालणार कोण, वर दगड ठेवणार कोण, पाण्याची वाटी सरकवणार कोण? आक्का. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडून निघाले.

"बघ, कसं सुरळीत झालं," थोरला मला म्हणाला.

सुरळीत! रोज नवा कोंबडा बाहेर पडायचा आणि दिवसभर डालग्याखाली साठवलेला माज कोंबड्यांवर काढायचा. काल एकाने तुडवल्या, आज दुसऱ्याने तुडवल्या. अकराच्या अकरा कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं गेली, कातडी लालभडक दिसायला लागली. त्या झाडावर चढून बसायला लागल्या, कुंपणाखालून शेजारी पळायला लागल्या. राखीच्या कुशीला कोंबड्याच्या पायामागच्या काट्याने बोटभर चीर पडली. मी तिला मांडीवर घेऊन मलम लावायची आणि ती माझ्याकडे एका डोळ्याने बघत राहायची. तिला काय सांगणार होते मी? घरात दोन पुरुष आहेत, असं?

अंडी सातावरून पाचावर आली, पाचावरून दोनावर.

बेकरीवाली रोखठोक बाई. नवऱ्याच्या मागे भट्टी तिनेच चालवली. तिने ट्रेमधली दोन अंडी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"आक्का, दोन अंड्यांत मी काय करू? एकाचा केक आणि एकाची नजर काढू?"

"कोंबडे भांडतायत."

"मग एक काप."

"कुणाचा कापू? भावांचे आहेत."

"कोंबड्या कुणाच्या?"

"माझ्या."

"मग भावांचे कसे काय?" ती पीठ झटकत म्हणाली. "माझी लाकडाची शेड रिकामी पडलीय, विजेची भट्टी आली तेव्हापासून. शेजारी खोली आहे. मला पहाटे ट्रे लावायला माणूस पाहिजे. ये कोंबड्या घेऊन."

"दोन दोन भाऊ असताना मी शेडमधे राहू?"

"बघ बाई. पण पुढच्या आठवड्यात अंडी नाहीत तर मी दुसरीकडून घेते."

मी घरी आले ती मान ताठ ठेवून. दारात धाकटी उभी होती, धाकट्याची बायको. तिने रिकामा ट्रे बघितला.

"वन्सं, कणी संपत आलीय. कोंबड्या बसून खातायत का काय?"

कोंबड्या म्हणाली, पण नजर माझ्यावर होती. थोरली आत भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही, पण सुरी थांबली, त्यावरून तिला सगळं ऐकू आलंय हे मला कळलं. दुपारी जेवताना मी दुसरी भाकरी घेतली नाही. कोणी घे असं म्हटलंही नाही.

आणि मग एकतीस तारीख आली.

एकतीस विषम. दुसऱ्या दिवशी एक तारीख, तीही विषम. म्हणजे कबरा लागोपाठ दोन दिवस मोकळा. हा शोध थोरल्याला संध्याकाळी लागला. कॅलेंडरसमोर उभा राहून तो बोटांवर मोजत होता.

"वर्षात असे महिने सात आहेत," तो म्हणाला. "सात दिवस जास्त! हे तुला आधीच माहीत होतं."

"आईशप्पथ नव्हतं," धाकटा म्हणाला, पण हसू त्याला आवरेना.

"म्हणूनच तू विषम घेतलंस."

"तूच सम मागितलंस. शुभ असतं म्हणाला होतास."

"एक तारीख मला मान्य नाही."

"कॅलेंडर मान्य नाही?"

दोन मिशीवाले बाप्ये, दोघांना मुलंबाळं, आणि कोंबड्याचा लीप वर्षाचा दिवस कुणाच्या खात्यात धरायचा यावर तासभर भांडले. फेब्रुवारीच्या एकोणतीस तारखेवरून तर हातघाईवर यायचे बाकी राहिले. मी खरकटी भांडी घासत होते. मला वाटलं, या दोघांना लहानपणी मी अंघोळ घातली, तेव्हा कानात पाणी जरा जास्तच गेलं असणार.

एक तारखेला सकाळी धाकटा टेम्पो घेऊन लांबच्या फेरीवर गेला. जाताना त्याने कबऱ्याला स्वतः बाहेर सोडलं. थोड्या वेळाने थोरला मागे आला, तांबड्याच्या डालग्यावरचा दगड लाथेने उडवला, डालगं उलटं केलं आणि "मान्य नाही म्हणजे नाही" असं कुणालातरी ऐकवून तोही निघाला. दुकानात नाही, तर गावाबाहेर एका गोदामाचं फाटक बसवायला. दोन्ही कोंबडे मोकळे सोडून दोन्ही मालक चालते झाले.

मी ट्रे खाली ठेवला. तांबड्याने मान खाली घातली. कबऱ्याने घातली.

थोरली झाडू घेऊन धावत आली, धाकटी पाण्याची बादली घेऊन. आपापल्या नवऱ्याचा कोंबडा वाचवायला. मी दोघींना आत ढकललं, मागच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि पाठ लावून उभी राहिले.

"वन्सं, दार उघडा! मरेल तो!"

"कोण?"

आतून दोघींकडून दोन वेगळी उत्तरं आली.

भात शिजायला लागतो तेवढा वेळ झुंज चालली. तांबड्याच्या डोळ्याजवळून रक्त आलं. कबऱ्याची पिसं न्हाणीपर्यंत उडाली. पिल्लं असताना दोघांना मीच तळहातावर भरवलं होतं. एकदा कबरा पडला आणि मला वाटलं, उचलावं. हात पुढे गेलासुद्धा. मी तो मागे घेतला आणि पदरात गुंडाळून ठेवला. कबरा उठला, पुन्हा भिडला, पुन्हा पडला. मग उठला आणि पाठ फिरवून टाकीमागे पळाला. कोपऱ्यात डोकं घालून उभा राहिला.

तांबडा दोन पावलं त्याच्यामागे गेला, थांबला. एकदा आरवला. आणि दाणे टिपायला लागला.

संपलं. दोन महिन्यांचा तमाशा भाताच्या एका हंडीत संपला.

मी कडी काढली. दोघी बाहेर आल्या. धाकटीने कोपऱ्यातल्या कबऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही तोंड सोडणार. पण ती बादली खाली ठेवून पायरीवर बसली.

"यांना सांगायचं नाही," ती म्हणाली. "घरात पुन्हा कॅलेंडर नको. मला त्या तारखा झोपेत ऐकू येतात."

"सांगायचं नाही," थोरली म्हणाली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तिने मला चहा करून आणून दिला.

पुढचे दहा दिवस अंगणात इतकी शांतता होती की माझा जीव भांड्यात पडला. तांबडा पुढे, कबरा कडेला. दाणे टाकले की कबरा चार हात लांब उभा राहायचा, तांबड्याचं झालं की यायचा. त्याची तब्येतसुद्धा सुधारली. कोंबड्या झाडावरून खाली उतरल्या, पेरूखालच्या मातीत लोळायला लागल्या. राखीची चीर भरत आली. अंडी दोनाची चार झाली, चाराची सहा. बेकरीवालीने ट्रे बघून नुसती भुवई वर केली.

आणि भाऊ? एक तारखेचं थोरल्याने विचारलं तेव्हा, तू गेल्यावर तांबड्याला मी परत डालग्याखाली घातलं, अशी थाप मी मारली होती. पुढे दोघं घरी आले की फक्त कॅलेंडर बघायचे. मी रोज नेमाने खूण करत होते, आज सम, आज विषम. खूण बरोबर असली की दोघं समाधानाने जेवायला बसायचे. कोंबड्यांकडे बघायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

अकराव्या दिवशी धाकट्याच्या टेम्पोचा क्लच गेला. तो दुपारीच घरी आला आणि हात धुवायला मागे गेला. मी दाणे टाकत होते. अकरा कोंबड्या आणि तांबडा खात होते. कबरा टाकीजवळ उभा राहून वाट बघत होता.

"हा असा का उभा आहे?" धाकटा म्हणाला.

"त्याची पाळी यायचीय."

"कसली पाळी? आणि आज दोघं मोकळे कसे?"

लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सांगितलं. एक तारखेला झुंज झाली, कबरा पळाला, तेव्हापासून घर शांत आहे.

त्याचं तोंड असं झालं की जणू भर बाजारात त्याचीच विजार सुटली. तेवढ्यात थोरला जेवायला आला. मला वाटलं, हा तरी खूश होईल. याचा जिंकला होता.

"दहा दिवस?" तो ओरडला. "माझा जिंकला आणि दहा दिवस मला कोणी सांगितलं नाही?"

"सांगून काय केलं असतंस?"

"ते मी बघितलं असतं ना!"

"मी नव्हतो तेव्हा झालेली झुंज मी मानत नाही," धाकटा म्हणाला. "आत्ता लावू. समोरासमोर."

"लाव," थोरला बाह्या सरसावत म्हणाला. दोन वर्षांत इतक्या चटकन कशावर एकमत झालं नव्हतं.

मी मधे उभी राहिले. "नाही लावायची. कोंबड्या आत्ता कुठे सावरल्यात. माझी अंडी जातील."

"आक्का, बाजूला हो."

"नाही होणार."

"अंगण आमचं आहे," धाकटा म्हणाला.

मी थोरल्याकडे बघितलं. आता हा काहीतरी बोलेल, असं मला वाटलं. त्याने पायाने एक खडा बाजूला सारला.

"तसं अंगण आमचंच आहे गं," तो म्हणाला.

मी बाजूला झाले. अंगण त्यांचं होतं, खरंच होतं. माझं काय होतं ते माझ्या पायाशी दाणे टिपत होतं.

धाकट्याने कबऱ्याला धरून तांबड्यासमोर टाकलं. कबरा उठला, अंग झटकलं आणि शांतपणे टाकीजवळ जाऊन पाणी प्यायला. धाकट्याने पुन्हा आणून टाकलं. कबरा पुन्हा निघून गेला. त्याचं भांडण मिटलं होतं. तांबड्यानेसुद्धा मान वर केली नाही. तिसऱ्यांदा टाकलं, तेव्हा तो अंग चोरून कोंबड्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. थोरला खो खो हसायला लागला. दारात धाकटी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते.

धाकट्याने ते बघितलं. त्याने कबऱ्याला पकडलं आणि आमच्या डोळ्यांदेखत मान पिरगळली. एकदा, मग आणखी एकदा. पंख थोडा वेळ फडफडले. मग त्याने तो माझ्या पायाशी फेकला.

"शिजव," तो म्हणाला. "आणि त्या कोंबड्या विकून टाक. यांच्यामुळेच घरात भांडणं होतात."

"खरंय," थोरला म्हणाला. "घरात शांतता पाहिजे."

एवढं बोलून दोघं जेवायला आत गेले. एका पाटावर बसले नसतील एवढंच. थोरल्याने धाकट्याला विचारलंसुद्धा, क्लच कितीत होईल. मी ते मागच्या दारातून ऐकलं. मला थुंकावंसं वाटलं, पण अंगण त्यांचं होतं.

मी कबऱ्याला उचललं नाही. हात धुतले, दाण्याचा डबा वाजवला आणि कोंबड्यांना खुराड्यात बोलावून दार लावलं. मग बेकरीत गेले. बेकरीवालीने हातगाडी दिली आणि खोलीची किल्ली दिली. परत येऊन एकेक कोंबडी खुराड्यातून काढून मी दोन डालग्यांत भरली, तांबडा तेवढा मागे ठेवला. थोरलीने डालगं धरलं. धाकटी माझी ट्रंक ओढत बाहेर घेऊन आली. ती रडत होती. का, ते तिलाच माहीत. उन्हं कलली होती. राखीला मी डालग्यात घातलं नाही, काखेत घेतलं.

धाकटा खाटेवर पडून होता. "जाईल कुठे? दिवे लागायच्या आत येईल," असं भिंतीला म्हणाला.

मी फाटकापर्यंत पोचले आणि मागून थोरल्याची पावलं ऐकू आली. तो धावत आला होता, अनवाणी. मी थांबले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"आक्का, अगं, सगळ्या नेतेस?"

"माझ्या आहेत."

"तुझ्याच आहेत गं. पण एक तरी ठेव." त्याने हातगाडीची कड धरली. "तांबडा एकटा काय करेल? तो खायचा नाही, प्यायचा नाही. एकट्याने दिवस काढायचे म्हणजे काय चेष्टा आहे का?"

त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. कोंबड्यासाठी.

माझा नवरा गेला तेव्हा मला न्यायला हाच आला होता. मी दारात उभी होते, पायाशी डालगं होतं. त्याने आधी डालग्यात वाकून बघितलं आणि विचारलं, चारही अंडी देतात का. चारही देतात, असं मी सांगितलं. मग त्याने माझी ट्रंक उचलली होती.

"सोड," मी म्हटलं. त्याने हात काढला, आणि मी गाडीला जोर लावला.